पंधराव्या चालीनंतर

१ सप्टेंबर २०२४ला फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, यादीत माझ्या नावापुढं पहिल्यांदा रेटिंगचा आकडा आला. पण मी लिहायला बसलेय ती त्या आकड्यासाठी नाही. मे महिन्यात मी ड्रॅगन बचाव खेळून २३ चालींत मात खाल्ली आणि त्यानंतर सात आठवडे, जवळपास रोज रात्री, १९७४ सालचा एकच डाव पटावर मांडून बसले. ‘मोठ्या खेळाडूंचे डाव अभ्यासा’ असं सगळेच सांगतात. अभ्यासा म्हणजे नेमकं काय करा, सुरुवात कुठून, किती दिवस, अडलं तर कुणाला विचारा, हे कुणी सांगत नाही. माझ्यासारखंच कुणी अडून बसलं असेल तर उपयोग व्हावा, म्हणून तारीखवार लिहितेय.

माझं वय ४३. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाजवळ राहते. नव्या पेठेतल्या एका चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्याकडं हिशेब बघते. लेक शाळेत असताना आठ वर्षं तिला बुद्धिबळाच्या स्पर्धांना नेत होते. आत मुलं खेळायची, आम्ही पालक बाहेर पायऱ्यांवर डबे सांभाळत बसायचो. लेक आता पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तिच्या वह्या कपाटात राहिल्या. २२ एप्रिलला सकाळी गुकेशनं टोरांटोत कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, जिंकल्याची बातमी आली, आणि त्या रात्री मी त्यातली एक वही काढली. कव्हरवर हिरव्या स्केचपेननं ‘ड्रॅगन’ लिहिलं होतं. ती वही मी महिन्याभरात पाठ केली.

स्पर्धेआधी नोंदणी. रेटिंग स्पर्धा खेळायची तर अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडं ऑनलाइन नोंदणी लागते. २४ एप्रिलला फॉर्म भरला. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र जोडलं, त्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. साहजिकच अर्ज परत आला. चूक माझीच होती. ७ मेला मतदानाची सुट्टी होती, त्या दिवशी विवाह नोंदणीचा दाखला स्कॅन करून पुन्हा भरला. १५ मेला नंबर मिळाला. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे दोन-दोन कागद आधीच जवळ ठेवावेत आणि स्पर्धेच्या निदान महिनाभर आधी अर्ज करावा. शेवटच्या आठवड्यात माझा जीव टांगणीला लागला होता.

स्पर्धा इथंच, सोलापुरात होती. २३ ते २६ मे, चार दिवस, ८ फेऱ्या, प्रत्येकाला ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद जादा. प्रवेश फी १२०० रुपये. पट आणि घड्याळ आपलं आपण आणायचं होतं. लेकीचं जुनं घड्याळ होतंच, त्यात ८० रुपयांची नवी बॅटरी घातली. मे महिन्यातलं सोलापूर कसं असतं ते इथल्यांना सांगायला नको. हॉलच्या एकाच बाजूला कूलर होते, माझी जागा रोज दुसऱ्या बाजूला यायची. ओला नॅपकिन मानेवर ठेवून खेळले. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. जड जेवून दुपारच्या फेरीला बसू नका, एवढं एक मी लेकीच्या वेळेपासून शिकलेय.

पाचवी फेरी शनिवारी, २५ मेला सकाळी. समोर नववीतला एक मुलगा. त्याचे वडील बाहेर, मी ज्या पायऱ्यांवर बसायचे तसल्याच पायऱ्यांवर. मी काळ्या सोंगट्यांनी.

ज्यांना ड्रॅगन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा सिसिलियन बचावाचा सगळ्यात तिखट प्रकार. काळा पाचव्या चालीला जी६ खेळतो, म्हणजे त्या घरात प्यादं सरकवतो (पटाचे उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८), आणि उंट जी७वर बसवतो. तिथून तो उंट तिरकस अख्खा पट बघतो. काळ्या प्याद्यांची ठेवण ड्रॅगन नावाच्या तारकासमूहासारखी दिसते, म्हणून हे नाव. पांढरा वजिराच्या बाजूला किल्लेकोट करतो, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेतो, काळा राजाच्या बाजूला, आणि मग दोघंही एकमेकांच्या राजावर धावून जातात. पांढरा एच फाईल, म्हणजे एचचा उभा रकाना, उघडतो, काळा सी फाईलवर हत्ती आणतो आणि सी३वरच्या घोड्यावर डोळा ठेवतो. एक चाल वाया गेली तरी डाव जातो. १९९५ला न्यूयॉर्कमध्ये आनंद-कास्पारोव्ह जगज्जेतेपदाच्या सामन्यात पहिले ८ डाव बरोबरीत सुटले, ९वा आनंदनं जिंकला, १०वा कास्पारोव्हनं. ११व्या डावात कास्पारोव्हनं काळ्या सोंगट्यांनी हा ड्रॅगन काढला आणि जिंकला. १३व्यात पुन्हा काढला, पुन्हा जिंकला. लेकीच्या सरांनी तिला ड्रॅगन शिकवला तो बहुधा या डावांच्या ओढीनंच.

आमच्या डावात पहिल्या १५ चाली मी वहीतल्याप्रमाणं खेळले. त्या मुलानंही भराभर खेळल्या. १५. जी४ घो एफ६ (आकड्यानंतर आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; घो म्हणजे घोडा, व वजीर, × म्हणजे सोंगटी मारली) इथं माझी वही संपत होती. शेवटच्या ओळीत लेकीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘काळा ठीक’. मुलानं डी४वरचा घोडा मागं ई२ला नेला. मला वाटलं, घाबरला. पुढं वजीर, उंट, हत्ती सगळं मी घाईनं हलवलं. १९व्या चालीला त्यानं हत्ती नुसता डी३वर ठेवला. शह नाही, मारामारी नाही. मी तीन मिनिटं विचार करून बी५ खेळले. २०. जी५ घो एच५ २१. घो एफ४, आणि मी तो घोडा खाल्ला. हल्ला करणारी सोंगटी कमी होईल असं डोक्यात होतं. २२. व×एच७ शह, राजा एफ८, २३. व एच८ मात. माझ्या घड्याळात तेव्हा ४८ मिनिटं शिल्लक होती. ते आकडे बघून मला हरण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

सह्या झाल्यावर मुलगा बाहेर पॅसेजमध्ये म्हणाला, “काकू, एकोणिसाव्या चालीला कोर्चनॉय हत्ती सी५ खेळला होता. तुम्ही बी५ खेळलात.”

“मग सी५ खेळले असते तर वाचले असते?”

“नाही. तोपण हरलाच.”

मुलगा अगदी साधेपणानं बोलला आणि वडिलांकडं डबा घ्यायला पळाला. स्पर्धेत मला ८ पैकी ३ गुण मिळाले.

२७ मे, सोमवार. पहिलं काम, चालींचा कागद नीट उतरवून काढणं. तुमच्या हातात जी कार्बनची प्रत येते ती पुसट असते, आणि घामाच्या हातानं माझी जास्तच पुसट झाली होती. १७वी आणि १८वी चाल मी उलटसुलट लिहिली होती. पटावर मांडून बघितलं तेव्हा चूक कळली. डाव संपल्यावर त्याच दिवशी, डोक्यात ताजा असताना, दुसऱ्या कागदावर स्वच्छ उतरवून ठेवा. आणि दर पाच चालींनी घड्याळातली वेळ बाजूला लिहा. कुठं घाई केली ते त्यावरूनच कळतं.

मग लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर तो डाव शोधला. लिचेस फुकट आहे, जाहिराती नाहीत. अनातोली कारपोव्ह विरुद्ध व्हिक्टर कोर्चनॉय, मॉस्को, १९७४, कँडिडेट्सची अंतिम लढत, दुसरा डाव. २४ डावांची ती लढत कारपोव्हनं ३-२ अशी जिंकली, बाकी १९ डाव बरोबरीत. पुढच्या वर्षी तेव्हाचा जगज्जेता फिशर खेळायलाच आला नाही, त्यामुळं जगज्जेता कोण हे खरं तर याच लढतीत ठरलं. कारपोव्ह २३ वर्षांचा होता, कोर्चनॉय ४३ वर्षांचा. माझ्याच वयाचा. हे वाचलं आणि तो डाव माझा झाला. कोर्चनॉय त्यानंतरही १९७८ आणि १९८१ला जगज्जेतेपदासाठी कारपोव्हविरुद्ध खेळला आणि म्हातारपणापर्यंत खेळतच राहिला. हेही मी त्याच रात्री वाचलं.

तुम्हालाही मांडता यावा म्हणून सबंध डाव देते. घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा. नुसतं घराचं नाव असेल तर प्यादं. + म्हणजे शह, कंसात सोंगटी आधी होती ते घर. लहान किल्लेकोट राजाच्या बाजूचा, लांब वजिराच्या.

१. ई४ सी५ २. घो एफ३ डी६ ३. डी४ सी×डी४ ४. घो×डी४ घो एफ६ ५. घो सी३ जी६ ६. उं ई३ उं जी७ ७. एफ३ घो सी६ ८. व डी२ लहान किल्लेकोट ९. उं सी४ उं डी७ १०. एच४ ह सी८ ११. उं बी३ घो ई५ १२. लांब किल्लेकोट घो सी४ १३. उं×सी४ ह×सी४ १४. एच५ घो×एच५ १५. जी४ घो एफ६ १६. घो (डी४) ई२ व ए५ १७. उं एच६ उं×एच६ १८. व×एच६ ह (एफ८) सी८ १९. ह डी३ ह (सी४) सी५ २०. जी५ ह×जी५ २१. ह डी५ ह×डी५ २२. घो×डी५ ह ई८ २३. घो (ई२) एफ४ उं सी६ २४. ई५ उं×डी५ २५. ई×एफ६ ई×एफ६ २६. व×एच७+ रा एफ८ २७. व एच८+ आणि कोर्चनॉयनं डाव सोडला.

या चाली मी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणल्या, १० रुपये. नुसत्या चाली, कुणाच्याही टिपा नाहीत. ४५ रुपयांची दोनशेपानी वही घेतली. मोबाईलवर डाव पुढं-मागं करत बसलं की आपल्याला सगळं समजलं असं वाटत राहतं. माझं तसंच झालं, पहिल्या रात्री दहा मिनिटांत २७ चाली बघून मी झोपले. दुसऱ्या दिवशी पटावर १६व्या चालीपुढं एक चाल स्वतःहून सांगता येईना.

२ जून, रविवार. आमच्या शेजारी एक अण्णा राहतात. वय ७१, यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते, तरुणपणी चौकात बुद्धिबळ खेळायचे. घरी तेलुगू, बाहेर मराठी. मला समोरच्या बाजूला बसायला कुणीतरी हवं होतं आणि त्यांना संध्याकाळी करमत नव्हतं. मोबाईलवरचा पट त्यांना दिसत नाही, म्हणून लेकीचा मोठा प्लास्टिकचा पट जमिनीवर अंथरला. पद्धत अशी ठरली: छापील कागदावर पोस्टकार्ड ठेवायचं, एक-एक चाल खाली सरकवायची. पांढऱ्याची चाल उघडायच्या आधी दोघांनी आपापला अंदाज सांगायचा आणि मी तो वहीत लिहायचा, कारणासकट. कारण लिहिल्याशिवाय पोस्टकार्ड सरकवायचं नाही. हा नियम मी केला आणि तो फार कामाचा ठरला.

पहिल्या १५ चाली एका बैठकीत झाल्या. लेकीला फोन केला, “तुझी वही १५व्या चालीवर का संपते?” ती म्हणाली, “आई, सरांनी तिथपर्यंतच दिलं होतं. मला त्याच्यापुढं कुणी कधी आलंच नाही.” मला मात्र पहिल्याच स्पर्धेत आला.

१६व्या चालीला चार संध्याकाळी गेल्या. पांढऱ्यानं एक प्यादं दिलंय, एच फाईल मोकळी केलीय, आता धावून जायचं सोडून मधला घोडा मागं का? आम्हा दोघांचाही अंदाज होता उंट एच६. चौथ्या दिवशी सापडलं. लगेच उंट एच६ला नेला तर काळा घोड्यानं ई४चं प्यादं खातो! तो घोडा मारला की काळ्याचा हत्ती डी४वरचा घोडा खातो, वजिरावर येतो, आणि त्या हत्तीच्या पाठीशी जी७चा उंट उभा. म्हणजे डी४वरचा घोडा दिसायला रुबाबदार, पण तिथं तो उघड्यावर होता. ई२ला गेला की ती भानगड मिटते, शिवाय सी३ला आणखी एक राखणदार मिळतो. स्पर्धेत ‘घाबरला’ म्हणून मी जिच्याकडं दुर्लक्ष केलं, ती हीच चाल.

१९वी चाल, हत्ती डी३, पूर्ण आठवडा खाऊन गेली. १० जून ते १६ जून. वहीत माझे सहा अंदाज आहेत, सगळे मारामारीचे. मला आणि अण्णांना ई२चा घोडा एफ४वर हवा होता, आत्ताच्या आत्ता. पण तो हलला की सी३वरचा पहारा उठतो. काळा हत्ती देऊन तिथला घोडा खातो आणि पांढऱ्या राजासमोरची प्यादी फुटतात. मग घोडा न्यायचा कसा? अण्णा म्हणाले, “अम्मा, पाळीवर माणूस सोडायचा तर बदली माणूस उभा कर की आधी.” आणि दोघांनी एकदमच पटाकडं बघितलं. हत्ती डी३ म्हणजे तेच. सी३ची राखण हत्तीनं घेतली, घोडा सुटला. मला आठवलं, त्या मुलानं ही चाल खेळून पेन खाली ठेवलं होतं आणि पाण्याची बाटली उघडली होती. पुढचं त्याला दिसत होतं.

२०वी आणि २१वी त्यामानानं लवकर झाल्या, कारण माझा स्वतःचा पराभव मदतीला आला. जी५वर काळा घोडा एच५ला पळाला तर घोडा एफ४, हे मी अंगावर घेतलेलंच होतं. कोर्चनॉयनं म्हणून हत्ती सी५वर आणून ठेवला होता, जी५चं प्यादं खायला. खाल्लं, पण हत्ती सी फाईल सोडून बाजूला गेला. मग २१. ह डी५! घोड्यानं तो हत्ती खाल्ला तर एच७वर वजीर आणि पुढच्या चालीला मात, जशीच्या तशी माझी. म्हणून हत्तीला हत्ती, आणि पांढरा घोडा डी५वर येऊन बसला. आता काळ्याला ई७चं प्यादं वाचवायला उरलेला हत्तीही ई८ला न्यावा लागला.

मग आली २४वी. २२ जूनला आम्ही तिथं पोचलो. अण्णा म्हणाले, यात विचार करायचं काय? डी५च्या घोड्यानं एफ६चा घोडा शह देऊन खा, काळा ई-प्याद्यानं परत खाईल, मग दुसरा घोडा एच५, आणि जी७वरची मात टळत नाही. एच५चा घोडा प्याद्यानं खाल्ला तर जी फाईलवरून हत्तीचा शह. मी मांडून बघितलं, मलाही पटलं. पोस्टकार्ड सरकवलं तर २४. ई५. प्यादं, एक घर पुढं. अण्णा चिडले. कारपोव्ह असला म्हणून काय झालं, त्याला सरळ मात दिसली नाही, असं त्यांचं मत. दोन संध्याकाळी आम्ही त्यांची ओळ उलटसुलट केली आणि दोन्ही वेळा काळा हरला, कारण काळ्याकडून मी खेळत होते आणि मला काहीच सुचत नव्हतं. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्राम, लावायचा मोह तेव्हा फार झाला. अण्णांनीच नको म्हटलं. त्यांना त्यांचंच बरोबर ठरणार याची खात्री होती.

२५ जूनला पहाटे साडेचारला पाणी सुटलं. चार दिवसांनी येतं, त्यामुळं आमच्याकडं तेव्हा झोप नसते. पिंप भरेपर्यंत मी पटाशी बसले. अण्णांची जागा तशीच मांडून ठेवलेली होती, घोडा एच५वर. मी या वेळी पांढऱ्याच्या हल्ल्याकडं न बघता काळ्याची एक-एक सोंगटी बोट ठेवून बघायला लागले: ही कुठं जाऊ शकते? वजीर ए५वर. बी५, सी५, डी५, ई५, एफ५... पाचवी ओळ पार मोकळी. वजीर जी५, शह! वजिराला वजीर मारामारी, आणि पांढऱ्याचा सगळा हल्ला संपला. पिंप वाहून गेलं तेव्हा भानावर आले.

सात वाजता अण्णांच्या दारात. पट त्यांच्या कॉटवर मांडून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाचव्या ओळीवरून बोट फिरवत म्हणाले, “धोटा सरळ जातोय की गं हितनं.” धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा. आणि ई५वर पांढरं प्यादं ठेवून, “आता जाईल का?” नाही जात. तेवढ्यासाठी ती चाल. आणि काळ्यानं डी६च्या प्याद्यानं ते ई५चं प्यादं खाल्लं तर काय होतं बघा: आता त्याचं स्वतःचंच प्यादं पाचव्या ओळीत आडवं येतं, वजीर तरीही जी५ला पोचत नाही, आणि मग अण्णांचीच ओळ, घोड्यानं घोडा आणि दुसरा घोडा एच५, बिनतोड चालते. अण्णांची मात खरी होती, फक्त एक चाल आधी होती. तो सकाळचा चहा मी विसरणार नाही.

वहीतला हिशेब सांगते. १६ ते २७ या पांढऱ्याच्या १२ चालींपैकी माझे ५ अंदाज बरोबर आले: १७, १८, २५, २६, २७. पाचही बघितल्या तर मारामारीच्या नाहीतर शहाच्या, फक्त १७वी उंटाची. ज्या शांत चालींनी डाव जिंकला त्यातली एकही मला आली नव्हती. तुम्हीही असा तक्ता करा. आपण काय बघत नाही ते त्यात लख्ख दिसतं.

१७ जुलैला आषाढीची सुट्टी होती. घरातले पंढरपूरला गेले होते. त्या दिवशी पहिल्यांदा लॅपटॉपवर स्टॉकफिश हे इंजिन लावलं. २४. ई५ त्यानं क्षणात दाखवली. माझ्या डावात मी २१व्या चालीला घोडा खाल्ला तिथं दोन चालींत मात, हेही दाखवलं. दोन्ही मला माहीत होतं, आणि ते आधीच माहीत असल्याचं फार समाधान वाटलं. इंजिन बाण दाखवतं, पाचवी ओळ दाखवत नाही. आधीच लावलं असतं तर ई५ ही एक पाठ करायची चाल झाली असती.

मात्र एक गोष्ट आम्हा दोघांना कधीच सापडली नसती. २१ जुलैला एका ऑनलाइन प्रशिक्षकांचा एक तास घेतला, ५०० रुपये. त्यांना मी वही दाखवली आणि एकच प्रश्न विचारला: १६व्या चालीनंतर काळ्यानं काय करायला हवं होतं? ते म्हणाले, वजीर ए५ऐवजी हत्ती ई८ बघा. हत्ती एफ८वरून निघाला की, पांढऱ्यानं उंट एच६ केल्यावर काळा आपला उंट एच८ला मागं घेऊ शकतो. हत्ती एफ८वरच असेल तर तो उंटाच्या बदल्यात जातो. जी७चा उंट टिकला म्हणजे राजाची भिंत टिकली. मग मी लिचेसच्या डेटाबेसमध्ये बघितलं, पुढच्या खेळाडूंनी हा रस्ता खरंच घेतलाय. अर्ध्या तासात संपलेलं हे उत्तर समजायला आधीचे सात आठवडे लागले. तासाला जाताना असा एकच नेमका प्रश्न घेऊन जा, पैसे वसूल होतात. एकूण अभ्यासाचा खर्च ५५५ रुपये.

१४ ऑगस्टला सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेले. १५ ते १८ची स्पर्धा, फी १५०० रुपये, राहायला नणंदेकडं. लेक पहिल्या दिवशी आली आणि बाहेर पायऱ्यांवर बसली, माझा डबा मांडीवर घेऊन. तिसऱ्या फेरीत काळ्या सोंगट्या, समोर ई४, ड्रॅगन. माझी वही आता १५ नव्हे, २७ चालींची होती. समोरच्या बाईंनी ९व्या चालीलाच उंट सी४ न खेळता लांब किल्लेकोट केला.

माझ्या अभ्यासातलं काहीच पुढं उपयोगी नव्हतं. पोटात गोळा आला. २५ मिनिटं बसून राहिले. काळ्याच्या एक-एक सोंगटीवरून बोटानं नाही, डोळ्यानं फिरले. पांढरा उंट सी४वर नाही, म्हणजे डी५ घराकडं उंट बघत नाही, म्हणजे डी५ ढकलता येईल. ढकललं. नंतर घरी बघितलं तर तीच इथली नेहमीची चाल निघाली. पुढं ३०व्या चालीच्या आसपास घोडा हल्ल्याला न्यायचा होता, तो प्याद्याच्या राखणीत अडकला होता. आधी हत्ती त्या जागी आणला, मग घोडा सोडला. ४१ चालींत बरोबरी. लेकीला कागद दाखवला तर ती म्हणाली, “आई, सगळीकडं वेळ लिहिलीयस.”

रेटिंगबद्दल कुणी विचारेल म्हणून: पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या निदान ५ खेळाडूंशी डाव व्हावे लागतात, एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही. माझे सोलापुरात ४ झाले होते, बाकीचे पुण्यात. २०२४च्या मार्चपासून १४००च्या खाली रेटिंग दिलं जात नाही. माझं १४५२ आलंय.

१९ ऑगस्टला संध्याकाळी परतले. राखीपौर्णिमा होती, अण्णांकडं त्यांच्या बहिणी आलेल्या. तरी रात्री साडेनऊला त्यांनी पट मागवला. पुण्याचा कागद मी त्यांना वाचून दाखवला, त्यांनी नवव्या चालीपर्यंत मांडलं आणि काळ्याचं प्यादं डी५वर ठेवून चष्मा पुसत विचारलं, “हे पांढऱ्यानं खाल्लं तर?”

आम्ही अजून बाराव्या चालीवर आहोत.